नाताळ रस्त्यावरचा, नाताळ घरातला

चाकणच्या वाहन कारखान्यांचं वर्ष दोन पंचांगांवर चालतं. एक आपलं. खंडेनवमीला प्रेसपासून वेल्डिंगच्या रोबोपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडतात, लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात लाइन थांबते आणि कंत्राटी पोरं मराठवाड्याच्या गाड्या पकडतात. दुसरं पंचांग जर्मन. डिसेंबरची वीस तारीख उलटली की तिकडून मेलला उत्तरं येणं बंद होतं, ड्रॉइंगवरची सही राहून जाते आणि ‘आता सहा जानेवारीनंतर’ हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येतं.

या दुसऱ्या पंचांगाच्या सुट्टीत आपली कितीतरी जोडपी तिकडेच असतात. निगडी प्राधिकरण, मोशी, इंद्रायणीनगर, चिखली इथल्या सोसायट्यांमध्ये असं घर सहज सापडतं. मुलगा किंवा मुलगी टूलिंगमध्ये, क्वालिटीत नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. सहा महिन्यांचं किंवा दोन वर्षांचं डेप्युटेशन. लग्नाला वर्ष झालेलं. ऑक्टोबरात दिवाळी करून दोघं निघतात आणि तिकडचं बस्तान बसेपर्यंत थंडी, अंधार आणि नाताळ तिन्ही एकदम समोर येतात. आम्हीही दोघं असेच एका हिवाळ्यात श्टुटगार्टजवळ राहिलो. तेव्हा जे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटत राहिलं, ते या लेखात लिहिते आहे.

पिंपरी-चिंचवडचं जर्मनीशी नातं फोक्सवागेनपासून सुरू झालं असं तरुण मुलांना वाटतं. ते त्याहून बरंच जुनं आहे. १९५८ साली सुरू झालेल्या फिरोदियांच्या बजाज टेम्पोची तीनचाकी हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याच्या परवान्यावर बनायची, आणि आकुर्डीचं नाव त्या गाडीबरोबर देशभर गेलं. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये ती चाकणला स्वतःच्या जागेत गेली. त्याच वर्षी ३१ मार्चला फोक्सवागेनच्या चाकण प्रकल्पाचं उद्घाटन झालं. मोठ्या कंपन्यांमागून त्यांचे पुरवठादार आले. म्हणून आपल्या भागातला माणूस जर्मनीला जातो तो बहुधा दोनपैकी एका दिशेला: दक्षिणेला श्टुटगार्ट, झिंडेलफिंगन, बोब्लिंगनच्या पट्ट्यात, नाहीतर उत्तरेला वोल्फ्सबुर्गला. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मध्यंतरी, २००८ मध्ये, लुफ्तान्साने लोहगावहून फ्रँकफर्टला थेट विमानही सुरू केलं होतं. ते पुढे बंद झालं, आणि बॅगा घेऊन पहाटेच्या आत एक्स्प्रेस-वेने मुंबई गाठणं पुन्हा नशिबी आलं.

आता मुद्द्याचं. जर्मन नाताळ दोन भागांत होतो आणि हे कळलं नाही तर अख्खी सुट्टी हुकते. पहिला भाग रस्त्यावरचा. पंचवीस डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजून, नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला अ‍ॅडव्हेंटचा काळ सुरू होतो. गावोगावी चौकांत नाताळबाजार लागतात, संध्याकाळी ऑफिस सुटलं की लोक तिथे घोळक्याने उभे राहतात, अनोळखी माणसाशीही बोलतात. दुसरा भाग घरातला. चोवीसच्या दुपारपर्यंत हे सगळं मिटतं आणि सण दार लावून आत जातो. आपली जोडपी नेमकी उलट अपेक्षेने जातात. आपल्याकडे गणपतीत विसर्जनापर्यंत गर्दी चढत जाते, म्हणून पंचवीस तारखेला तिकडेही सगळ्यात जास्त धमाल असेल असं धरून चालतात. महिनाभर ‘अजून वेळ आहे’ म्हणत थांबतात आणि पंचविसाला शहराच्या मुख्य रस्त्यावर येतात, तर बंद शटर, ओला रस्ता आणि एखादा कुत्रा फिरवणारा म्हातारा. सुट्टीतल्या एकटेपणाच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यातल्या निम्म्या या एका गैरसमजातून येतात असं माझं ठाम मत आहे.

म्हणून अ‍ॅडव्हेंटचे आठवडे वाया घालवू नयेत. श्टुटगार्टच्या नाताळबाजाराचा लेखी उल्लेख १६९२ पासून सापडतो. तिथे दुकानांच्या लाकडी टपऱ्यांची छपरंसुद्धा देखाव्यासारखी सजवतात, आणि ती वर मान करून बघत फिरणं हाच एक कार्यक्रम असतो. लोकल ट्रेनच्या अंतरावर एसलिंगन आहे. तिथल्या बाजारात मध्ययुगीन पोशाखातले लोहार, दोरखंड वळणारे, काच फुंकणारे कारागीर प्रत्यक्ष काम करताना दिसतात. टूलरूममधल्या माणसाला तिथून हलवणं अवघड जातं. वेळ आणि पैसे असतील तर पूर्वेला ड्रेस्डेनचा बाजार आहे, १४३४ पासूनचा. वोल्फ्सबुर्गचं तसं नाही. ते गावच १९३८ मध्ये मोटार कारखान्यासाठी वसवलेलं, त्यामुळे जुना चौक नाही; तिथल्यांनी शेजारच्या ब्राउनश्वाइगला जावं.

बाजारात गरम मसालेदार वाइन मातीच्या मगातून मिळते. मगाचे वेगळे पैसे अनामत म्हणून घेतात, मग परत केला की ते परत मिळतात आणि आवडला तर तो घरी नेता येतो. दारू न पिणाऱ्यांसाठी फळांच्या रसाचा किंडरपुन्श असतो आणि तो मागायला मोठ्या माणसाने संकोचायचं काही कारण नाही. शाकाहाऱ्यांनी बटाट्याच्या किसाचे तळलेले घावन सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर खावेत, भाजलेले चेस्टनट खावेत, साखरेत घोळलेले बदाम घ्यावेत. चीज घातलेले श्वाबियन श्पेट्सले पोटभरीचे असतात. फक्त विचारून घ्यावं, कारण काही ठिकाणी वरून डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरतात. आंबट कोबीबरोबर परतलेल्या बटाट्याच्या शेवयांतही ते असतात. गमी गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं. ‘वेगेटारिश’ एवढं म्हटलं तरी विकणारा नीट उत्तर देतो.

याच आठवड्यांत घराघरांत बिस्किटं भाजली जातात, आणि आपल्या बायकांनी, हौशी पुरुषांनीही, इथे लक्ष घालावं असं मला फार वाटतं. अर्धचंद्राकृती व्हॅनिलाची, मधे जॅम लावलेली, बडीशेपेच्या जातीच्या अनीस बियांची. श्टुटगार्टकडे तर कोरीव लाकडी साच्यात दाबून चित्रं उमटवलेली. डबे भरले जातात आणि शेजारीपाजारी वाटले जातात. हा सरळसरळ फराळ आहे. आम्ही आल्यापासून जिन्यात फक्त ‘हालो’ म्हणणाऱ्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी एका अ‍ॅडव्हेंटच्या रविवारी फुलाफुलांचा पत्र्याचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत तिथे उपयोगी पडली. मी चिवडा आणि शंकरपाळे भरून दिले. शंकरपाळे त्यांना ओळखीचे वाटले, चिवड्यातली तळलेली खोबऱ्याची कापं त्यांनी एकेक करून वेचून खाल्ली, आणि त्यानंतर आमची जिन्यातली भेट पाच मिनिटांखाली कधी आटोपली नाही.

फराळाचं सामान नेताना युरोपीय संघाचे नियम माहीत हवेत. प्रवाशाच्या बॅगेतून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तूप घरीच ठेवायचं. ताजी फळं, भाज्या, पालेभाज्या आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे आईने प्रेमाने बांधून दिलेला कढीपत्ता कस्टममध्ये जाऊ शकतो. नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे बिनधास्त न्यावेत. तूर-मूग-बासमती तिकडच्या भारतीय आणि तुर्की दुकानांत मिळतं, त्यावर बॅगेचं वजन खर्च करू नये.

चोवीस डिसेंबर कायद्याने पूर्ण सुट्टीचा दिवस नाही, पण दुकानं दुपारी दोनला बंद होतात, पुष्कळशी त्याआधीच. पंचवीस आणि सव्वीस या दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या. त्याला जोडून रविवार आला तर तोही बंद, कारण जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे; १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेतही कायम ठेवलेलं आहे. तेव्हा दूध, दही, भाजी, कणीक, औषधं यांची तजवीज तेवीसपर्यंत झाली पाहिजे. राहिलंच काही तर मोठ्या रेल्वेस्थानकातली दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात, महाग असतात. औषधांच्या दुकानांची आळीपाळीने रात्रपाळी असते. कोणतं उघडं आहे ते कुठल्याही बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं.

चोवीसच्या संध्याकाळी जर्मन घरांत भेटवस्तू उघडतात. जेवण पुष्कळ घरांत अगदी साधं असतं, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. बदकाची किंवा हंसाची मेजवानी पंचविसाला. या दिवशी परक्याला सहसा बोलावत नाहीत. हे मनाला लावून घेण्यासारखं नाही. भाऊबीजेला आपणही ऑफिसातल्या साहेबाला बोलावत नाही. पण एक दार त्या दिवशीही उघडं असतं आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास चर्चमध्ये लहान मुलांचं येशूजन्माचं नाटक असतं. मेंढपाळ झालेला मुलगा वाक्य विसरतो, मेंढीचं कातडं पांघरलेली चिमुरडी आईला हात करते. तिथे कोणी धर्म विचारत नाही. मागच्या बाकावर बसावं, टोपी काढावी, सगळे उभे राहिले की उभं राहावं. शेवटी दिवे मंद करून सगळी मंडळी एक गाणं म्हणतात. ते १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा म्हटलं गेलं होतं. शब्द कळले नाहीत तरी त्या रात्रीपुरतं गावात आपण बाहेरचे राहत नाही. मी देवळात वाढलेली बाई आहे आणि हे मी मनापासून सांगते आहे.

अंधाराबद्दल मात्र कोणी पुरेसं बजावत नाही. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, श्टुटगार्ट जवळपास एकोणपन्नासवर, वोल्फ्सबुर्ग त्याच्याही वर बावन्नच्या पुढे. आपल्याकडे डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीही अकरा तास उजेड असतो. श्टुटगार्टला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. वोल्फ्सबुर्गला चारनंतर लगेच. तोही ढगांआडून. बर्फ सिनेमात दिसतो तसा फारसा पडत नाही, पडतो तो बारीक गार पाऊस. कामावर जाणारा अंधारात जातो, अंधारात येतो, पण दिवसभर माणसांत असतो. घरी असलेल्या जोडीदाराला तो अंधार पूर्ण भोगावा लागतो. पुण्यात नोकरी सोडून आलेल्या, आयटीत किंवा बँकेत चांगलं काम केलेल्या मुली दुपारी चारला दिवा लावताना रडवेल्या होतात, आणि आईला फोन करावा तर तिकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. याला उपाय साधा आहे आणि तो पाळावा लागतो: रोज दुपारी बाराच्या आसपास, पाऊस असला तरी, तासभर बाहेर चालायचं. तिथले लोक तेच करतात. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर, पाणी न शिरणारे बूट, कान झाकणारी टोपी. खरेदी शक्यतो तिकडे जाऊनच करावी.

घराचेही काही नियम आहेत. बाहेर शून्य अंश असलं तरी दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या असतात. भाड्याच्या करारातही हे लिहिलेलं असतं. उघडल्या नाहीत तर भात-आमटीची वाफ आणि आत वाळत घातलेल्या कपड्यांची ओल भिंतीत बसते, बुरशी धरते आणि अनामत रकमेतून पैसे कापले जातात. धुराचा अलार्म प्रत्येक घरात सक्तीचा आहे, त्यामुळे लाल मिरचीची फोडणी खिडकी उघडून, स्वयंपाकघराचं दार लावूनच. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी आणि सणाला दिवसभर. त्या वेळी ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकायच्या नाहीत. श्टुटगार्टच्या भागात आणखी एक प्रथा आहे: ज्याच्या दारावर पाटी लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना, पायऱ्या, पुढचा फूटपाथ झाडायचा. सुट्टीत पाटी आपल्या दारावर आली आणि आपण पॅरिसला गेलो, तर परतल्यावर शेजाऱ्यांचे चेहरे थंडीहून गार असतात. जायचं असेल तर शेजाऱ्याशी आठवडा बदलून घ्यावा; ते आनंदाने घेतात.

वोल्फ्सबुर्गला जाणाऱ्यांनी तिथल्या इटालियनांची गोष्ट माहीत करून घ्यावी. जर्मनी आणि इटली यांच्यात कामगार-भरतीचा करार झाला तो २० डिसेंबर १९५५ ला, म्हणजे नाताळच्या तोंडावर. १९६२ पासून फोक्सवागेनने दक्षिण इटलीतले हजारो तरुण कामाला आणले. त्यांना लाकडी बराकींत ठेवलं, बहुतेक एकटे, बायकामुलांशिवाय. डिसेंबरात पाहुण्या कामगारांना घरी नेणाऱ्या खास गाड्या जर्मनीतून दक्षिणेकडे सुटायच्या आणि स्थानकं पुठ्ठ्याच्या सुटकेसांनी भरून जायची. त्यातले किती तरी पुढे तिथेच राहिले, कुटुंबं आली, आणि आज त्या गावात उत्तम इटालियन जेवण मिळतं. सुट्टीत सगळं बंद असताना ज्या थोड्या जागी दिवे असतात त्यात यांची आणि तुर्की लोकांची उपाहारगृहं असतात. आपल्याआधी परकेपण सोसलेल्या माणसांच्या हातचं खाणं सव्वीस डिसेंबरला जितकं गोड लागतं, तितकं इतर दिवशी लागत नाही.

सव्वीसनंतर जरा सैल होतं. प्रादेशिक गाड्यांतून देशभर फिरता येईल असं मासिक तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं. नंतर किंमत वाढली, तरी दोघांना सुट्टीत फिरायला त्याच्यासारखं काही नाही. एवढंच की ते लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही. एकतीसच्या रात्री, वर्षभर शिस्तीत असणारं हे राष्ट्र फटाक्यांनी दणाणतं. विक्रीला परवानगी फक्त शेवटच्या तीन दिवसांत असते, आणि लोक भर रस्त्यात, बाटल्यांत रॉकेट लावून उडवतात. दिवाळी सोडून आलेल्या माणसाला ती रात्र घरची वाटते. गर्दीच्या चौकापासून मात्र दूर राहावं. टीव्हीवर १९६३ मध्ये चित्रित झालेलं एक छोटं इंग्रजी प्रहसन दर वर्षी लागतं आणि घरोघर पाहिलं जातं. एक तारखेला पुष्कळ ठिकाणी मसुरीचं सूप करतात; जितके दाणे तितका पैसा अशी समजूत. आपल्या मसुराच्या आमटीवर तो दिवस सहज निभावतो. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे सहा जानेवारीलाही सुट्टी असते, वोल्फ्सबुर्गला नसते. त्यानंतर वाळलेली नाताळची झाडं ठरलेल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवतात, पालिकेची गाडी ती नेते, आणि चाकणच्या मेलना उत्तरं येऊ लागतात.

जानेवारीतच लोकविद्यालयांमधल्या भाषावर्गांची नोंदणी करावी. गावोगावी असलेल्या या संस्थांचे वर्ग स्वस्त असतात, आणि तिथे सिरियन डॉक्टर, ब्राझिलियन शिक्षिका, युक्रेनची आजी अशी माणसं एका बाकावर बसतात. घरी बसलेल्या जोडीदाराचा हिवाळा खऱ्या अर्थाने तिथे संपतो. शक्य असेल तर पुण्यातूनच सुरुवात करून जावं. मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट या दोन्ही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या जर्मन शिकवलं जातं.

हे सगळं लिहिताना मला आपल्याकडे आलेल्या जर्मन जोडप्यांची आठवण होत होती. हिंजवडीला मर्सिडीज-बेन्झ इंटरनॅशनल स्कूल १९९८ मध्ये अशाच कुटुंबांच्या मुलांसाठी उभी राहिली. बाणेर, कोरेगाव पार्क, कल्याणीनगरमध्ये ही मंडळी राहतात, रोज नाशिक महामार्गाच्या गर्दीतून चाकणला ये-जा करतात. दिवाळीत त्यांचा कारखाना बंद, ड्रायव्हर गावी, कामाच्या मावशी सुट्टीवर, खाली सोसायटीत आकाशकंदील आणि वर बाल्कनीत ती दोघं. दारासमोर रांगोळी पाहतात, तिचा फोटो काढतात, पण आतली दिवाळी त्यांना दिसत नाही, जशी आपल्याला त्यांची चोवीस तारीख दिसत नाही. लक्ष्मीपूजन आपलं घरचं असेल, तर फराळाला एका सकाळी बोलवावं. काय तिखट, कशात शेंगदाणे, कशात काजू ते आधी सांगावं, कारण अ‍ॅलर्जीचा प्रश्न ते गंभीरपणे घेतात. चपला कुठे काढायच्या ते दाखवावं. करंजी हातात धरून कशी खायची ते त्यांना दाखवताना लहान मुलांना फार मजा येते. आणि वेळ सांगताना खरी सांगावी. नऊ म्हटलं की ते नऊला बेल वाजवतात, तेव्हा उटण्याच्या आंघोळी त्याआधी आटोपलेल्या असू द्याव्यात.